पोट दुखतं, की पोटात तुटतं?

समजा, तुमच्या अमेरिकन मित्राने विचारलं, 'स्टमक'ला मराठीत काय म्हणतात? तुम्ही लगेच सांगाल, पोट. मग 'बेली'ला? पोट. 'टमी'ला? पोटच. 'ॲब्डोमेन'? 'गट'? एव्हाना तुम्ही थोडे ओशाळलेले असता. त्यांच्याकडे पाच शब्द आणि आपल्याकडे एकच! मग घाईघाईने उदर, जठर, ढेरी, आतडी असे शब्द आठवून तुम्ही मराठीची लाज राखता.

ओशाळायचं काही कारण नाही. पण ही शब्दाला शब्द लावायची सवय किती महाग पडू शकते, ते आधी सांगते.

मी चौदा वर्षांची असताना आजी न्यू जर्सीला आमच्याकडे आली होती. तिला एका दवाखान्यात तपासायला नेलं, तेव्हा दुभाषी मीच. डॉक्टरांनी विचारलं, झोप कशी लागते? आजी म्हणाली, "झोप कुठली बाई, रात्र झाली की पोटात नुसतं तुटतं." मी ऐटीत भाषांतर केलं: हिच्या स्टमकमध्ये रात्री दुखतं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. आजीने त्या निमूट घेतल्या. तिकडे मिरजेला तिची धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती. आजी त्याबद्दल बोलत होती. माझ्या वाक्यातला एकही शब्द तसा चुकीचा नव्हता, आणि तरी सगळं वाक्य चुकलं होतं.

असं का होतं? इंग्रजीतले ते पाच शब्द जरा जवळून बघू. 'बेली' आणि 'गट' हे जुने, घरचे शब्द. 'बेली'चा मूळ अर्थ पिशवी. लोहाराच्या भात्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तो याच मुळातला. 'स्टमक' मूळचा ग्रीक, लॅटिन आणि फ्रेंचमार्गे आलेला. ग्रीकमध्ये तो आधी घशासाठी होता. 'ॲब्डोमेन' लॅटिन, म्हणून डॉक्टरांच्या तोंडी. 'टमी' हे 'स्टमक'चंच बाळबोबडं रूप. म्हणजे अवयवांचा जवळपास एकच पसारा, पण कोण कुणाशी कुठे बोलतंय यावर शब्द बदलतो. नर्स लहान मुलाला 'टमी' म्हणेल, रिपोर्टमध्ये 'ॲब्डोमेन' लिहील, आणि घरी जाऊन बिअरने सुटलेल्या पोटाला 'बेली' म्हणेल.

अर्थही एका जागी थांबत नाहीत. 1588 साली टिलबरीला पहिल्या एलिझाबेथ राणीने केलेलं म्हणून जे भाषण प्रसिद्ध आहे, त्यात 'स्टमक' म्हणजे हिंमत. आज ती हिंमत 'गट्स'मध्ये गेली आहे, आणि 'स्टमक'चं क्रियापद झालंय: एखादी गोष्ट सहन करणं. आपण तिथे म्हणतो, हे काही पचत नाही.

आता मराठीकडे या. आपलं पोट बहुतेक वेळा तेच राहतं. बदलतं ते क्रियापद आणि विभक्ती. पोट भरतं, तेव्हा जेवण होतं किंवा नोकरी चालते. चूक पोटात घातली, म्हणजे माफ केली. गुपित पोटात ठेवलं, म्हणजे कुणाला सांगितलं नाही. पोटात गोळा आला, म्हणजे भीती वाटली. पोटाशी धरलं, ते मायेने. पोटाला चिमटा घेतला, तो मुलांच्या शिक्षणासाठी. पोटावर पाय दिला, म्हणजे कुणाची रोजीरोटी काढून घेतली. 'पोटचा' म्हटलं की स्वतःचं मूल. सरकारी मराठीने तर पोटाचा उपसर्गच केला: पोटनिवडणूक, पोटकलम, पोटभाडेकरू.

यातली एक गंमत बघा. "माझ्या पोटात दुखतंय" म्हटलं, तर ओवा द्यायचा. "तिला नोकरी लागली, तर याच्या पोटात का दुखतंय?" म्हटलं, तर तो जळतोय. शब्द तेच आहेत. बोलणारा कुणाबद्दल बोलतोय आणि कशावरून बोलतोय, यावर दुखणं ठरतं. समानार्थी शब्दांच्या यादीत ही गोष्ट कुठे लिहिणार?

आणि आतडी? इंग्रजीतल्या 'गट्स'मध्ये धैर्य असतं. आपल्या आतड्यात माया असते. "तिला माझ्याबद्दल आतडं आहे" हे कौतुकाचं वाक्य आहे. धैर्यासाठी आपल्याला छाती लागते. शब्दाला शब्द लावून आतड्याचं 'गट्स' केलंत, तर प्रेमळ मावशीची एकदम शूर मावशी होईल.

इथे एक मोह होतो, तोही सांगते. कोलंबिया विद्यापीठातले मायकेल गेर्शन यांचं 1998 चं पुस्तक आतड्यांतल्या मज्जासंस्थेला 'दुसरा मेंदू' म्हणतं. ते वाचून 'आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं' अशी टाळी पडते. ती मला पटत नाही. भीतीने पोटात काहीतरी होतं, हे जगात सगळ्यांना कळतं. इंग्रजीतही पोटात फुलपाखरं असतातच. भाषेने अनुभवाला नाव दिलं, एवढंच. त्यावरून मज्जातंतू सापडत नाहीत.

मग मदत कुठे मिळेल? योगायोग असा की, मराठीचे उत्तम कोश अमेरिकेतच हाताशी आहेत. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, आणि अमेरिकेत जन्मून फलटणला आयुष्य काढलेल्या मॅक्सीन बर्नसन यांचा छोटा कोशही आहे. मोल्सवर्थमध्ये 'पोट' काढून बघा. नुसता अर्थ देऊन तो थांबत नाही. खाली वाक्प्रचारांची लांबच लांब रांग लावतो. त्या रांगेसाठी मी त्याला शंभर चुका माफ करीन. त्याची इंग्रजी आज जुनाट वाटते आणि 'करणें', 'पोटांत' अशी अनुस्वारांची जुनी रूपं शोधताना अडवतात. पण पोट कळायचं तर पोटाचं काय होतं ते बघावं लागतं, हे त्या रांगेतून दिसतं. आज तुमच्या फोनमधलं भाषांतराचं ॲप कितीही चतुर असो, त्याला एकटा शब्द द्याल तर उत्तरही एकटंच येईल. पूर्ण वाक्य द्या, आणि त्यानंतरही माणसाला विचारा.

विशेषतः दवाखान्यात. सरकारी पैसा घेणाऱ्या इथल्या हॉस्पिटलला दुभाषी मोफत द्यावा लागतो, आणि आणीबाणी सोडता लहान मुलांवर ते काम टाकता येत नाही. तो मागून घ्या. आणि दुभाषी तुम्हीच असाल, तर भाषांतर करण्याआधी उलटा प्रश्न करा: आजी, दुखतंय की तुटतंय? खाल्ल्यावर होतं की आठवण आल्यावर?

मला हे तेव्हा सुचलं नाही. गोळ्या संपल्यावर मी आजीला विचारलं, आता कसं आहे पोट? ती म्हणाली, "पोटाला काय झालंय? फोन लाव मिरजेला."