बरं होऊन घरी

बेंगळुरूत कुणी जरा विक्षिप्त वागलं की ‘ह्याला निम्हान्सला पाठवा’ असं गमतीनं म्हणतात. मराठीत हाच मान ठाण्याला आणि येरवड्याला आहे. गाव बदलतं, थट्टा तीच राहते. या थट्टेत माणसाला पाठवायची सोय आहे, त्याला परत आणायची नाही. त्रिवेणींची ‘शरपंजर’ ही कन्नड कादंबरी मला मोठी वाटते ती इथंच. तिचा खरा विषय वेड नसून वेडातून बरं होऊन घरी परत येणं हा आहे.

त्रिवेणी म्हणजे म्हैसूरच्या अनसूया शंकर. जन्म 1928, मृत्यू 1963. मानसशास्त्र शिकलेल्या या लेखिकेला जेमतेम पस्तीस वर्षांचं आयुष्य मिळालं. कन्नडमध्ये मनोविश्लेषणात्मक कादंबरी म्हटलं की आजही पहिलं नाव त्यांचंच निघतं. ‘शरपंजर’मधली कावेरी सुखवस्तू घरातली. बाळंतपणानंतर तिचं मन ढासळतं आणि लग्नाआधीची, तिनं आत खोल गाडून टाकलेली एक घटना वर येते. हॉस्पिटलात उपचार होतात आणि ती बरी होते. नेहमीची करुण कथा इथं संपली असती. त्रिवेणी मात्र इथून पुढं खरं लिहायला लागतात.

घरी आलेल्या कावेरीला कुणी मारत नाही, कोंडत नाही. फक्त तिच्याकडे पाहिलं जातं. ती मोठ्यानं हसली तर बघणाऱ्याच्या मनात शंका, चिडली तर खात्रीच. इतरांना जो राग सहज माफ असतो, तो तिच्या बाबतीत लक्षण ठरतो. नवरा तुटक होत दुसऱ्या बाईकडे वळतो. शेवटी कावेरी पुन्हा हॉस्पिटलात जाते, आणि वाचकाला कळतं की या खेपेला तिला आजारी पाडणारं घरच होतं.

शीर्षकाचा शब्द मराठीत आल्यावर आणखी बोचतो. आपल्याला ‘शरपंजरी’ म्हटलं की भीष्म आठवतो, आणि भीष्माच्या अंगातले बाण परक्यांचे नव्हते. पुट्टण्णा कणगाल यांनी सत्तरीच्या सुरुवातीला या कादंबरीवर चित्रपट केला. कल्पनानं साकारलेली कावेरी कर्नाटकात अजून लोकांच्या तोंडी आहे. अभिनय दांडगाच आहे. पण पडद्यावर कोसळण्याला जितकी जागा मिळते तितकी त्या बारीक, रोजच्या नजरांना मिळत नाही असं मला वाटतं. जमलं तर कादंबरीच आधी वाचावी.

आता सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’. 2016 साठीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ त्याला मिळालं. आलोक राजवाडेनं केलेला तरुण आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला आहे. अशा प्रयत्नाला गुन्हा न मानता तीव्र ताणाचा परिणाम मानणारा कायदा 2018 मध्ये लागू झाला, म्हणजे हा चित्रपट त्याच्या आधीचा. इरावती हर्षेची जानकी या मुलाला उचलून कोकणातल्या समुद्रकाठच्या घरी आणते. ती स्वतः तुटलेल्या लग्नातून आणि आजारातून गेलेली. ती त्याला फारसं काही विचारत नाही. जेवण पुढं ठेवते, अंथरूण देते, वाट बघते. तिच्या ड्रायव्हरची, किशोर कदमच्या यदूची, कुरकुर सोबत असल्यामुळे हा चांगुलपणा गुळचट होत नाही. गंमत अशी की मोहन आगाशे प्रत्यक्षात मानसोपचारतज्ज्ञ, आणि इथं ते कासवं जपणाऱ्या दत्ताभाऊंच्या भूमिकेत आहेत. उपचार जाणणारा माणूस वाळूतल्या अंड्यांवर लक्ष ठेवून बसलाय, एवढ्या निवडीतूनच दिग्दर्शकांनी बरंच सांगितलं.

मानसोपचारात ज्याला ऐकून घेणं म्हणतात ते इतक्या संयमानं मराठी पडद्यावर क्वचितच आलंय. तरीही माझी एक तक्रार आहे. हा मुलगा जिथं सावरतो ते घर त्याचं नाही. त्याची जुनी ओळख असणारं, त्याच्या प्रत्येक हसण्याचा अर्थ लावणारं तिथं कुणी नाही. मोकळी खोली आहे, समुद्र आहे, दिवसच्या दिवस काही न करता राहायची मुभा आहे. पुण्या-बेंगळुरूतल्या किती जणांना अशी जानकी भेटेल? आणि मुख्य म्हणजे, कावेरीला ही सवलत नव्हती. तिला त्याच उंबऱ्यातून आत यायचं होतं.

हिंदुस्थानातल्या मानसोपचाराला हा प्रश्न फार लवकर दिसला होता. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी 1950च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना हॉस्पिटलच्या आवारात तंबू ठोकून राहायला लावलं. बेंगळुरूची संस्था 1954 पासूनची, निम्हान्स हे नाव 1974चं. तिथंही रुग्णासोबत कुटुंबाला ठेवून घेण्याची, सगळ्यांशी एकत्र बोलण्याची परंपरा जुनी आहे. आजारी एकट्यालाच समजू नये, हा त्यामागचा विचार.

असा तंबू कावेरीच्या नवऱ्यासाठी ठोकला असता तर? मला शंका आहे. तो आला असता, समजूतदारपणे मान डोलावली असती, आणि घरी परतल्यावर त्याच नजरेनं तिच्याकडे बघत राहिला असता. त्रिवेणी त्याला खलनायक करत नाहीत. तो चारचौघांसारखा, बऱ्यापैकी सभ्य माणूस आहे. वाचताना त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो, आणि आपल्या घरातल्या कुठल्या तरी आत्याकडे, मावशीकडे आपण कसे बघत आलो ते आठवून पान उलटायला वेळ लागतो.