उरामिचीदादाचं हसू: संकल्पना लावायची कशी?

'थिअरी वाचली की कळते, पण कलाकृतीला लावायची कशी?' पेट (PET) देणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. आज एक जपानी मांगा घेऊन करूनच बघू.

गाकू कुझे यांची 'उरामिची ओनिसान' 2017 पासून येतेय. 2021 मध्ये तिच्यावर ॲनिमेही आली. ओनिसान म्हणजे दादा. एकेकाळचा जिम्नॅस्ट असलेला हा 31 वर्षांचा दादा टीव्हीवर लहान मुलांकडून व्यायाम करून घेतो. हसताहसता मध्येच मोठ्यांच्या जगातली निराशा मुलांसमोर बोलून जातो आणि लगेच पुन्हा हसू चढवतो. नावातच खोच आहे: ओमोता या आडनावात 'ओमोते' म्हणजे पुढची बाजू, उरामिचीतलं 'उरा' म्हणजे मागची.

इथे आर्ली होकशिल्ड यांची 'भावनिक श्रम' ही संकल्पना कामी येते. 'द मॅनेज्ड हार्ट' (1983) मध्ये त्यांनी हवाई सेविकांचं काम तपासलं. पगारासाठी स्वतःची भावना आवरायची आणि समोरच्याला हवी ती दाखवायची, हेही श्रमच.

पण जपून. प्रत्येक थकवा म्हणजे भावनिक श्रम नव्हे. तारापूर एमआयडीसीतली शिफ्ट संपवून बोईसरला लोकल पकडणारा, उमरोळीला उतरणारा कामगार दमलेला असतोच. पण मशीनसमोर त्याला हसावं लागत नाही. पालघरच्या एखाद्या दुकानात काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीला हसावं लागतं. हा फरक लिहिता आला, तर संकल्पना तुम्हाला कळली.

आता आपल्याकडे बघा. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' 2018 मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं, चेटकीण झाले वैभव मांगले. त्या वर्षी स्वातंत्र्यदिनी एका दिवसात पाच प्रयोग झाले आणि विक्रम म्हणून त्याची बातमी झाली. कौतुक योग्यच. पण पाचव्या प्रयोगालाही पहिल्याइतकंच ताजं दिसायला काय लागतं, हा प्रश्न संकल्पना हातात असली की सुचतो. तिचा उपयोग एवढाच: आधी न दिसलेला प्रश्न दिसणं.

खरी समीक्षा मात्र पुढे आहे. संकल्पनेत न मावणारं काय उरतं? सशाच्या आणि अस्वलाच्या पोशाखात घामाघूम होणारे उसाहारा आणि कुमातानी हे उरामिचीचे कॉलेजातले ज्युनियर. दिग्दर्शकाच्या लहरी निमूट सोसणारा दादा, विशेषतः उसाहाराशी, दमदाटीने वागतो. वरून आलेलं खाली ढकलतो. वरच्यांच्या लहरीपणावर मांगा बोचरं हसते. या दमदाटीला मात्र नुसता विनोद म्हणून सोडून देते. उसाहारा बावळट आणि आगाऊ रंगवलाय, त्यामुळे 'त्याला असंच पाहिजे' म्हणत आपणही हसतो. माझ्या मते या चांगल्या कलाकृतीची ही कच्ची बाजू आहे. पीडित माणूस दुसऱ्याला पीडतो, हे तिला दिसतं, बोचत नाही.

तुम्हाला हे मुद्दाम सांगतेय. उद्या तुम्ही संशोधनात याल. गाइडसमोर 'हो सर, होईल सर' म्हणताना चेहरा सांभाळाल आणि दोन वर्षांनी तुमच्या हाताखाली एमएस्सीचा एखादा विद्यार्थी येईल. तेव्हा हा ससा आठवा.

सरावासाठी: तुमच्या आवडीची एक विनोदी मालिका घ्या. कोण कोणावर हसतंय आणि हसू कुणाच्या अंगावर फुटतंय, हे एका पानात लिहा. संकल्पनेचं नाव शेवटच्या परिच्छेदापर्यंत वापरायचं नाही.