द्राक्षमळ्यात मंचामागे कोण बसतं?

बर्लिनच्या फिलहार्मोनी सभागृहाचं कौतुक बहुतेकदा डोळ्यांनीच होतं. हान्स शारून या वास्तुकाराची, 1963 साली खुली झालेली, बाहेरून तंबूसारखी दिसणारी ही इमारत. आपण आज ती कानांनी तपासू.

शारून यांचं म्हणणं साधं होतं. कुणी कुठे वाजवायला लागलं की लोक आपसूक भोवती कोंडाळं करतात. आपल्याकडचा डोंबाऱ्याचा खेळ आठवा. मग सभागृहातच सगळ्यांनी एका बाजूला का बसायचं? म्हणून त्यांनी वाद्यवृंद जवळजवळ मधोमध आणला. ध्वनितज्ज्ञ लोथार क्रेमर यांचा सुरुवातीला याला विरोध होता, आणि शंका रास्तच होती. जुन्या, लांबट खोक्यासारख्या सभागृहात दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ असतात. वाद्याचा आवाज थेट येतो आणि पाठोपाठ भिंतीवर आदळूनही येतो. हा दुसरा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत, तोही कडेने आला, तर सूर भरदार लागतो. मंच मधे आणला की भिंती गेल्या लांब. मग करायचं काय?

इथे आम्हाला ही इमारत थोर वाटते. श्रोत्यांचे लहान लहान गट पाडून ते वेगवेगळ्या उंचीवर बसवले आणि गटांच्या कठड्यांनाच आवाज परतवायचं काम दिलं. शारून याला द्राक्षमळा म्हणत. नाशिकचा मांडव डोळ्यांपुढे आणू नका. हा डोंगरउतारावरचा, पायऱ्यापायऱ्यांचा मळा. छतही खालच्या बाजूला फुगलेलं. विजापूरचा गोल घुमट आवाज गोळा करून परत फेकतो, हे छत तो पसरून देतं. म्हणजे बघा, आपण जिला शैली म्हणतो, ती निम्मी तरी या वादातून निघाली आहे.

तरी एक गोष्ट सुटलेली नाही. वाद्यांचं एकवेळ भागतं, पण गायकाचं तोंड एकाच दिशेला असतं. गळ्यातले खालचे ध्वनी वळसा घेऊन मागे येतात, वरचे सरळ पुढे निघून जातात. त्यामुळे पाठीमागच्या रांगांना सूर मिळतो, शब्द मात्र अंधुक. सगळे श्रोते सारखे, ही कल्पना इथे अडते. पुढे लॉस एंजेलिस, पॅरिस, हॅम्बुर्ग इथल्या सभागृहांनीही हीच मांडणी उचलली. फोटोत ती छानच दिसते. गाण्याचा कार्यक्रम असेल तर मंचामागची जागा स्वस्त असली तरी आम्ही घेणार नाही. कंडक्टरचा चेहरा बघायचा असेल, तर मात्र तीच घ्यावी.