छायाचित्रावरून त्रिमितीय चेहरा : पुनर्रचना की अनुमान?

कॅमेऱ्यात चेहऱ्याची खोली उतरत नाही. प्रकाश सपाट पृष्ठभागावर पडतो तेव्हा नाकाचा उठाव, डोळ्यांची खोबण ही मापे हरवतात. त्यामुळे एका छायाचित्रावरून त्रिमितीय चेहरा 'परत मिळतो' हा संगणकशास्त्रातील दावा तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

फ्रान्सवा विलेम या फ्रेंच शिल्पकाराने १८६० च्या सुमारास व्यक्तीभोवती २४ कॅमेरे वर्तुळाकार मांडून बाह्यरेषांवरून मूर्ती कोरण्याची पद्धत काढली. बाह्यरेषेत खोबण येत नाही. ती शेवटी हातानेच भरावी लागे. चित्र, शिल्प आणि कॅमेरा या तिन्हींत वावरलेल्या बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरास हे नवे वाटू नये. दिवंगताचा अर्धपुतळा छायाचित्रावरून घडविणारा शिल्पकार फेट्याखालचे कपाळ, कानामागचा भाग अनुभवानेच रचतो. मात्र त्या पुतळ्याला कोणी पुरावा म्हणत नाही.

१९९९ साली ब्लांझ व फेटर यांनी मांडलेले प्रारूप हेच काम गणिताने करते. १०० स्त्रिया व १०० पुरुष यांच्या लेझर-मापांवरून सरासरी चेहरा आणि त्यापासूनचे फरक काढायचे, मग छायाचित्राशी जुळेपर्यंत त्यांचे मिश्रण बदलत राहायचे. कल्पना निःसंशय देखणी आहे. परंतु छायाचित्र जिथे मौन पाळते तिथे सरासरी बोलते, आणि ही सरासरी कोणाची हा प्रश्न उरतोच. २००९ च्या बासेल प्रारूपातील २०० चेहरे बहुतांशी युरोपीय होते. उन्हातान्हात राबलेल्या, दात पडून गाल बसलेल्या वृद्धाचा चेहरा अशा मिश्रणात कितपत सापडेल? शिवाय प्रकाशाची दिशा अज्ञात असल्यास चपटा व उठावदार असे दोन्ही चेहरे समोरून जवळजवळ सारखीच छाया देऊ शकतात. परिणामी पडद्यावरील आकृती छायाचित्राशी तंतोतंत जुळूनही बाजूने चुकीची असू शकते.

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. समोरून व बाजूने छायाचित्र घेण्याची पोलिसी रीत बर्तियाँ यांनी पॅरिसमध्ये १८८८ च्या सुमारास रूढ केली. भारतात १९२० च्या कायद्याची जागा २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमाने घेतली. त्यानुसार कळंबा येथील मध्यवर्ती कारागृह असो वा अन्य कोणते, बंद्यांची छायाचित्रे 'मापे' या संज्ञेत येतात आणि त्यांच्या नोंदी सर्वसाधारणपणे ७५ वर्षे जतन होतात. त्रिमितीय पुनर्रचनेचा त्या व्याख्येत नामोल्लेख नाही. उद्या अशी आकृती न्यायालयात आलीच, तर तिच्यातील कोणता भाग कॅमेऱ्याने पाहिला आणि कोणता प्रारूपाने भरला, हे वेगवेगळ्या रंगांत दाखविण्याची सक्ती असावयास हवी. पडताळणीस बाजूचे दुसरे छायाचित्र पुरेल. बर्तियाँच्या रीतीत ते असतेच.