मॅक्सवेलची रंगीत फीत : पुरावा नेमका कशाचा?

रंगीत छायाचित्रणाचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत एक चित्र हमखास आढळते. काळ्या पार्श्वभूमीवर चौकड्यांच्या स्कॉटिश फितीचे फूल, आणि खाली ओळ : ‘पहिले रंगीत छायाचित्र, जेम्स क्लार्क मॅक्सवेल, १८६१’. लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून बाकीचे रंग मिळतात हे या प्रयोगाने सिद्ध झाले, असेही सोबत सांगितलेले असते. वर्गात आपणही हेच सांगतो. पण या छायाचित्राने ते खरोखर सिद्ध होते का?

१७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मॅक्सवेलने हा प्रयोग दाखवला. छायाचित्रे टॉमस सटन याने घेतली होती. फितीकडून येणारा प्रकाश रंगीत द्रावातून गाळून काचेच्या पट्टीवर टिपायचा, अशी पद्धत. लाल गाळणीसाठी फेरिक थायोसायनेट, हिरवीसाठी कॉपर क्लोराइड आणि निळीसाठी अमोनियायुक्त मोरचूद. मिळालेली चित्रे कृष्णधवलच होती. ती त्याच द्रावांमधून तीन दिव्यांनी पडद्यावर एकावर एक पाडली, तेव्हा प्रेक्षकांना रंगीत फीत दिसली.

या पद्धतीचे मोल निर्विवाद आहे. आपल्या डोळ्यांच्या दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात आणि त्यांना मिळणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणावरून आपल्याला रंग जाणवतो. कॅमेऱ्याकडूनही अशीच तीन मोजमापे करून घ्यावीत, ही कल्पना मॅक्सवेलने १८५५ मध्येच मांडली होती. आजचा प्रत्येक डिजिटल कॅमेरा त्याच तत्त्वावर चालतो.

अडचण आहे ती काचेच्या पट्टीची. त्या काळचा कलोडियनचा लेप निळ्या, जांभळ्या आणि जंबुपार (अतिनील) प्रकाशाला प्रतिसाद देई. हिरव्या प्रकाशाचा त्याच्यावर जेमतेम परिणाम होई, आणि लाल प्रकाशाला तर तो जवळजवळ आंधळाच होता. निळ्या गाळणीतून चित्र उमटायला ६ सेकंद पुरले, लाल गाळणीतून मात्र ८ मिनिटे लागली. पण लाल दिसतच नसेल, तर ८ मिनिटांनी तरी चित्र कसे उमटले?

याचे उत्तर तब्बल शंभर वर्षांनी मिळाले. १९६१ मध्ये कोडॅक कंपनीतील राल्फ इव्हान्स यांनी हा प्रयोग नव्याने तपासला. फेरिक थायोसायनेटचा द्राव लाल प्रकाशाबरोबर थोडे जंबुपार किरणही पलीकडे जाऊ देतो, असे त्यांना आढळले. शिवाय कापडाचे अनेक लाल रंग जंबुपार किरण चांगले परावर्तित करतात. म्हणजे ‘लाल’ म्हणून जे चित्र उमटले, ते बहुतांशी डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचे होते! आणि ते पडद्यावर लाल प्रकाशात दाखवल्यामुळे फितीचा लाल भाग लालच दिसला.

आता विचार करा. फितीचा लाल रंग जंबुपार किरण शोषून घेणारा असता, तर तो भाग काळपट दिसला असता. उलट, जंबुपार किरण परावर्तित करणारी एखादी निळी वस्तू ठेवली असती, तर तिच्यात नसलेली लाली पडद्यावर अवतरली असती. एका फितीवर मिळालेले यश असे त्या फितीच्या रंगावर अवलंबून होते. म्हणून त्रिवर्ण सिद्धान्ताचा पुरावा म्हणून हे छायाचित्र कच्चे आहे.

याचा दोष मॅक्सवेलच्या माथी मारणे बरोबर नाही. लाल आणि हिरवी चित्रे निळ्याइतकी चांगली उमटली असती तर रंग खरे दिसले असते, असे त्याने स्वतःच म्हटले होते. ही कबुली पुस्तकांनी गाळली, ही माझी खरी तक्रार. त्याच्या सिद्धान्ताचा भक्कम आधार वेगळाच आहे : रंगीत कागदांच्या चकत्या भोवऱ्यावर फिरवून, कोणता रंग किती प्रमाणात घेतला की दुसऱ्याशी जुळतो याची त्याने केलेली मोजमापे. हा प्रयोग शाळेतही करता येतो, पण पुस्तकांत त्याला क्वचितच जागा मिळते. छायाचित्रणाची पद्धत खऱ्या अर्थाने मार्गी लागली ती १८७३ मध्ये हेर्मान फोगेल याने लेपात रंगद्रव्ये मिसळून त्याची संवेदनक्षमता वाढवल्यानंतर.

आणखी एक गफलत. १८६१ मध्ये कागदावर काहीच छापले नव्हते. पडद्यावर तीन प्रकाशांची बेरीज झाली होती. पुस्तकातले चित्र मात्र शाईने छापलेले असते, आणि शाई प्रकाशातले काही रंग शोषून घेते, म्हणजे वजाबाकी करते. हा फरक न सांगता ते चित्र दाखवले, तर ‘लाल आणि हिरवा मिळून पिवळा कसा?’ हा मुलांचा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

मग हे चित्र वर्गात दाखवूच नये का? जरूर दाखवावे, पण संपूर्ण कथेसह. जोडीला एक सोपा प्रयोग करावा. टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण पडद्यावर बऱ्याचदा जांभळट-पांढरा ठिपका चमकतो. रिमोटमधले किरण अवरक्त असतात. ते कॅमेऱ्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांतून निसटतात आणि कॅमेरा त्यांना दृश्य रंग बहाल करतो. अवरक्त किरण नीट अडवणाऱ्या कॅमेऱ्यात ठिपका दिसणार नाही. म्हणून दोन-तीन मोबाइल वापरून पाहावेत. मग मुलांना विचारावे : या ठिपक्याचा खरा रंग कोणता? आणि मॅक्सवेलच्या फितीतल्या लाल रंगाचे काय?