साहसी बालवीर आणि त्याचे सोबती

मुलांच्या रहस्यकथांना निव्वळ करमणूक समजून हातावेगळे करण्याची आपल्याकडे चाल आहे. ती योग्य नव्हे. पराक्रमाची पहिली कल्पना मुलास बहुधा अशाच पुस्तकांतून मिळते. सबब तो पराक्रम कोणत्या प्रकारचा आहे, हे सुजाण पालकांनी आणि टीकाकारांनी पाहावयास हवे.

कै. भा. रा. भागवत (1910–2001) यांचा फास्टर फेणे हा मराठी मुलांचा लाडका वीर. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा हा बनेश फेणे अंगाने काटकुळा आणि वृत्तीने चौकस. 1938 साली अमेरिकेत अवतरलेल्या सुपरमॅनप्रमाणे तो आकाशात उडत नाही. सायकल, सावध नजर आणि संकट दिसताच पुढे धावण्याची खोड, एवढेच त्याचे भांडवल. भागवतांचे खरे यश येथेच आहे. उडणाऱ्या वीराकडे मूल थक्क होऊन पाहत राहते. फेण्याची कथा वाचून मात्र नाशिकच्या पंचवटीतील मुलासही 'हे मला जमेल' असे वाटू लागते.

तथापि या गुणापोटीच एक उणीव जन्मास आली आहे. एरिक केस्टनर या जर्मन लेखकाची 1929 सालची 'एमिल आणि गुप्तहेर' ही कादंबरी शेजारी ठेवून पाहावी. आगगाडीत झोपी गेलेल्या एमिलचे पैसे चोरीस जातात आणि बर्लिनमधील अनोळखी मुले त्याच्या मदतीस धावतात. अखेर नोटांना पडलेली टाचणीची भोके चोरी शाबीत करतात. परंतु चोरास घेरतो तो मुलांचा समुदाय. त्यांपैकी धाकट्या डीन्सटागच्या वाट्यास घरी टेलिफोनपाशी बसून राहण्याचे नीरस काम येते. सारी गंमत हुकते, तरी तो जागचा हलत नाही. केस्टनर त्याच्या निष्ठेचाही गौरव करतो.

फेण्याच्या जगात अशा डीन्सटागला पुरेशी जागा नाही. सुभाष देसाईसारखे मित्र त्यास आहेत. परंतु नायकाच्या वेगापुढे ते मागे पडतात आणि काळजी व कौतुक एवढेच बहुधा त्यांच्या हाती उरते. 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे' ही नावेच एकट्याचा डंका पिटतात. 2017 सालच्या चित्रपटात तरुण बनेशच्या जोडीस प्रत्यक्ष भागवतांचेच पात्र आणून बसविले आहे. एकट्या वीरास सोबत हवी, हे त्या कर्त्यांसही जाणवले असावे.

याचा अर्थ फेणे मुलांच्या हातून काढून घ्यावा असा नव्हे. धीटपणा शिकवावा तो त्यानेच. परंतु प्रत्येक मुलास सर्वांपुढे धावता येणार नाही. मागे राहून विश्वासाने काम करणाऱ्यासही वीर म्हणणारी रहस्यकादंबरी मराठीत विपुल व्हावयास हवी. भागवतांची भाषा आणि केस्टनरची ही दृष्टी ज्याच्या ठायी एकत्र येईल, त्या लेखकाचे आमच्या घरोघरी स्वागत होईल.