पैलतीराला हाक : तेविज्ज सुत्तातील प्रार्थनाविचार

संकटात ईश्वराला आळवावे काय, या प्रश्नाचे उत्तर दीघनिकायातील १३ व्या, तेविज्ज सुत्तात एका उपमेने येते. अचिरवती नदी दुथडी भरली आहे. पलीकडे जाऊ इच्छिणारा मनुष्य ऐलतीरी उभा राहून पैलतीरालाच हाक मारतो. त्या विनवणीने तीर जवळ येईल काय, असे भगवान बुद्ध वासेट्ठाला विचारतात. इंद्र, सोम, वरुण यांना आवाहन करणाऱ्या त्रैविद्य ब्राह्मणांची स्थिती अशीच आहे.

सुत्ताचा उत्तरार्ध काही वाचकांना खटकतो. कारण तेथे ब्रह्म्याच्या सहवासाचा मार्ग सांगितला आहे. परंतु तो मार्ग शीलाचा आणि मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांचा आहे. वासेट्ठाचीच भाषा स्वीकारून तथागतांनी तिच्यातील याचना वगळली आणि आचरण ठेवले. सुत्ताचे सामर्थ्य यातच आहे.

ही कसोटी आपणांसही लागू पडते. घरातील आजारपणात बुद्धमूर्तीपुढे नवस बोलणारा उपासकही पैलतीरालाच हाक मारीत असतो. त्रिसरण म्हणजे मागणे नव्हे. त्या वेळी रुग्णाला वैद्याकडे नेणे, त्याच्या उशाशी जागणे आणि शेजाऱ्याने धावून येणे, हेच धम्माचरण होय.